छोट्या सॉ मिलसाठी ओंडके उचलायला काय घ्यावं? फोर्कलिफ्ट, ट्रॅक्टर लोडर की हायड्रा क्रेन?

पौडकर (धागाकर्ता) · शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पौडच्या पुढे आमची छोटी सॉ मिल आहे. परवाना वडिलांच्या काळचा, गेल्या वर्षी माझ्या नावावर झाला. उभी बँडसॉ (पट्ट्यासारख्या पात्याची करवत), ओंडका तिच्याकडे नेणारी ट्रॉली, फळ्या उभ्या चिरायची एक रिपसॉ, एवढाच पसारा. माल आजूबाजूचाच: आंबा, शिरीष, सिल्व्हर ओक, निलगिरी, कधी कुणाच्या बांधावरचा साग. निम्म्याहून जास्त लाकूड चाकण-भोसरीच्या पॅकिंगवाल्यांना पॅलेटसाठी जातं, उरलेलं चौकटी आणि फर्निचरला.

आतापर्यंत ओंडके उतरवणं, रचणं, ट्रॉलीवर चढवणं हे सगळं पहारी, दोर आणि पाच माणसांच्या जिवावर चाललं. आमचे मुकादम तात्या तीस वर्षं हे करतायत. मागच्या महिन्यात रचलेल्या थराची पाचर निसटली आणि एक ओंडका त्यांच्या पायापासून हातभर अंतरावरून घरंगळत गेला. त्या रात्री झोप लागली नाही. हे असं पुढे न्यायचं नाही हे ठरलं, पण काय घ्यायचं ते ठरत नाहीये.

दिवसाला एक ट्रक किंवा दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या माल येतो. जागा अर्धा एकर. शेडखाली कोबा, बाहेर सगळी तांबडी माती, म्हणजे जून ते सप्टेंबर नुसता चिखल. घरचा ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे, टू व्हील ड्राइव्ह. बजेट आठ लाखांपर्यंत, जुनं यंत्र चालेल. ज्यांनी हे वापरलंय त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

---

चाकण_रोड · शनिवार, रात्री १०:१५

जुनी हायड्रा घ्या आणि मोकळे व्हा. बारा टन उचलणारी असते, तुमचा कुठलाही ओंडका तिला जड नाही. काम नसेल त्या दिवशी भाड्याने लावा.

---

घनफूट · रविवार, सकाळी ७:३०

यंत्राचं नाव नंतर ठरवू. आधी सांगा, तुमचा सगळ्यात जड ओंडका किती किलोचा? अंदाज नको, टेप लावून. मधली गोलाई इंचात आणि लांबी फुटात द्या.

---

पौडकर · रविवार, सकाळी ११:०५

आत्ताच मोजून आलो. आंब्याचा एक बुंधा पडलाय, गोलाई ८४ इंच, लांबी ९ फूट. रोजचा माल याच्या निम्म्याहून कमी असतो, साधारण ४५ ते ५५ इंच गोलाई. आपल्या हिशेबाने हा बुंधा साडेसत्तावीस घनफूट भरतो. म्हणजे पाऊण टन धरू का?

---

घनफूट · रविवार, दुपारी १२:२०

इथेच सगळे फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण व्यापारात गोलाईचा चौथा भाग घेतो, त्याचा वर्ग करतो, लांबीने गुणतो आणि १४४ ने भागतो. तुमचा हिशेब बरोबर आहे: ८४ चा चौथा भाग २१, त्याचा वर्ग ४४१, गुणिले ९, भागिले १४४, म्हणजे २७.५६. पण ही रीत गोल ओंडक्याचं खरं घनफळ देत नाही. कापताना जाणारं लाकूड आधीच वजा करून दर ठरावा म्हणून ती पडली. खऱ्या घनफळाच्या साधारण ७८.५ टक्केच आकडा येतो. खरेदी-विक्रीला ते ठीक आहे, दोन्ही बाजूंना माहीत असतं. पण हुकाला लटकतो तो अख्खा ओंडका, सालीसकट.

म्हणून वजन काढताना व्यापारी घनफुटाला १.२७३ ने गुणा. तुमचे खरे घनफूट झाले ३५. ओलं लाकूड पाण्याइतकं जड धरा. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे २८.३ किलो. गुणाकार करा: ९९० किलो. म्हणजे एक टन, पाऊण नव्हे.

लक्षात ठेवायला सोपं: व्यापारी घनफूट गुणिले ३६, आलं किलोत वजन. बाभूळ, ऐन, ताजी निलगिरी असेल तर वर आणखी दहा-पंधरा टक्के धरा. वाळलेला साग बराच हलका भरतो, पण यंत्र ठरवताना ओला माल धरायचा.

आता तुमचा रोजचा माल. ५० इंच गोलाई, ९ फूट: पावणेदहा घनफूट, म्हणजे ३५० किलो. तर तुमची गरज अशी आहे: रोज ३५० किलोचे बरेच ओंडके आणि अधूनमधून एक टनाचा एखादा. या दोन कामांना एकच यंत्र हवं, असं धरून चालू नका.

---

टिंबर_मार्केट · रविवार, दुपारी ३:१०

भवानी पेठेत आमची वखार आहे, तीन टनी डिझेल फोर्कलिफ्ट बारा वर्षं वापरतोय. आमच्याकडे उत्तम चालते, पण तुमच्याकडे चालेल असं मला वाटत नाही. कारणं सांगतो.

एक तर जमीन. आमच्याकडे सगळं काँक्रीट. साध्या फोर्कलिफ्टचं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच असतं, चाकं लहान, मागचा सगळा भार तोल राखायच्या काउंटर वेटचा. तांबड्या चिखलात ती पहिल्याच पावसात रुतेल आणि मग तिला काढायला तुम्ही जेसीबी बोलवाल.

दुसरं, ओंडका फोर्कवर आडवा बसतो. नऊ फुटी ओंडका घेऊन जायचं तर रस्ता निदान अकरा-बारा फूट मोकळा हवा. शेडचे खांब मोजून घ्या. आम्ही दोन खांब हलवले तेव्हा कुठे गाडी वळायला लागली.

तिसरं, पाटीवरचा आकडा. तीन टन लिहिलेलं असतं ते फोर्कच्या उभ्या पाठीपासून ५०० मिलिमीटरवर भाराचा मध्य असेल तर. एकच ओंडका पाठीला टेकवून घेतलात तर मध्य जवळच येतो, काही अडचण नाही. पण माणसाला मोह होतो, एका खेपेत तीन-चार ओंडके घ्यायचा. मग मध्य पुढे सरकतो. दोन टनी गाडी ८०० मिलिमीटरवर साधारण दीड टनच उचलते, आणि ओंडका घरंगळून टोकाकडे आला की त्याहून कमी. फोर्क मागे झुकवल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे ड्रायव्हरच्या अंगात भिनलं पाहिजे.

आणखी एक मनापासून सांगतो. यंत्र आणण्याआधी माणसांशी बसून बोला. आमच्याकडे टोळी माथाडी मंडळात नोंदलेली आहे, १९६९ च्या कायद्याखाली. ज्या शहरात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली त्या शहरात आपण धंदा करतो. आम्ही फोर्कलिफ्ट आणली तेव्हा टोळीतल्याच दोघांना चालवायला शिकवलं. एकाही माणसाला घरी बसवलं नाही, आणि त्या दोघांइतकं माल सांभाळून उचलणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही. लाकडाचा अंदाज त्यांच्या हातात होताच.

---

नांगर_ते_लोडर · रविवार, संध्याकाळी ६:४५

घरी ट्रॅक्टर आहे तर पुढे लोडर बसवा, त्याला पंजा लावा, असं कुणीतरी सांगणारच. मी बसवलाय, ऊस भरायच्या पंजासारखाच पण दाते जाड. रोजच्या ३५० किलोला छान आहे. एक टनाला अजिबात नको. का ते आकड्यात सांगतो.

४५ एचपीचा टू व्हील ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा. त्यातले पुढच्या चाकांवर आठशे किलो, मागच्यांवर बाराशे. दोन्ही आसांत अंतर दोन मीटर. आता पुढच्या आसाच्या दीड मीटर पुढे एक टन लटकवा. तरफेचा हिशेब: मागच्या चाकांवरून साडेसातशे किलो उचलले जातात आणि तेवढेच पुढे येतात. पुढच्या आसावर आठशे अधिक हजार अधिक साडेसातशे, म्हणजे अडीच टन, आणि वर लोडरचं स्वतःचं वजन. तो आस आणि ६.००-१६ चे ते अरुंद टायर यासाठी केलेलेच नाहीत. मागे उरले साडेचारशे किलो, लोडरच्या वजनाने त्यातलेही काही जातात. ब्रेक मागच्या चाकांना असतो. उतारावर ब्रेक दाबून बघा म्हणजे कळेल, पण खरंच बघू नका.

तीनशे-चारशे किलोसाठीसुद्धा मागे थ्री पॉइंटला (नांगर जोडायच्या तीन दांड्यांना) काँक्रीटचा ठोकळा हवाच. मी चारशे किलोचा ओतून घेतला. ओंडका नेताना गुडघ्याच्या वर न्यायचा नाही. मागचं चाक खड्ड्यात, भार डोक्याइतका उंच, अशा वेळी ट्रॅक्टर आडवा व्हायला एक क्षण पुरतो.

---

पौडकर · रविवार, रात्री ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. ३६ ने गुणायचं शेडच्या पाटीवर लिहून ठेवलं. तात्या म्हणाले, हे आधी माहीत असतं तर कितीदा माणसं कमी लावली नसती.

हायड्राबद्दल अजून कुणी लिहील का? आणि मोठ्या ओंडक्यासाठी जेसीबीच्या बकेटला साखळी बांधून उचलतात, ते आमच्याकडेही दोनदा झालंय.

---

साल_आणि_गाभा · सोमवार, सकाळी १०:३०

पौडकरदादा, ते तिसऱ्यांदा होऊ देऊ नका. लिहायला जड जातंय, पण लिहिते.

चार वर्षांपूर्वी जुलैत आमच्या वखारीत शिरीषाचा मोठा ओंडका उतरवायचा होता. भाड्याचा जेसीबी आला होता. बकेटच्या दात्यात बेल्ट अडकवला, ओंडक्याला मध्यावर एकच फास. माझा धाकटा भाऊ टोक धरून दिशा देत होता. ओंडका छातीइतका वर गेला आणि बेल्ट सालीसकट सरकला. पावसाळ्यात झाडाला रस भरलेला असतो, साल आतून ओली आणि सैल असते. बेल्टने साल घट्ट धरली होती, सालीने लाकूड धरलंच नव्हतं. ती सोललेली साल मी नंतर हातात घेतली, आतून साबणासारखी गुळगुळीत होती. भावाच्या डाव्या पावलाची तीन हाडं मोडली. तो आता चालतो, पण उभं राहायचं काम करू शकत नाही.

तेव्हापासून आमचे नियम सांगते.

पावसाळ्यात फास बसवायच्या जागी कोयत्याने साल काढतो, दोन्ही टोकांकडे वीत-वीत पट्टा. एकच फास कधीही नाही, दोन जागी. नायलॉनसारखा दिसणारा पॉलिएस्टरचा बेल्ट रंगावरून ओळखा: जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन. पण तो आकडा सरळ लटकवलेल्या बेल्टचा. फास घातला की ऐंशी टक्केच धरायचा. एक टनाच्या ओंडक्याला जांभळा बेल्ट फासात वापरला म्हणजे तो अपुरा आहे. साखळी असेल तर ग्रेड ८० ची ८ मिलिमीटर, तिच्या एका पदराची, म्हणजे एकेरी लटकवलेल्या साखळीची, क्षमता दोन टन. बाजारातली साधी बांधायची साखळी उचलायला नाही, तिच्यावर ना शिक्का असतो ना ग्रेड.

दोन पदर वापरताना ते जितके पसरट, तितका ताण जास्त. आडव्या रेषेशी तीस अंशांवर आले तर प्रत्येक पदरावर अख्ख्या ओंडक्याएवढा ताण येतो. आणि टोकाला माणूस नाही, दोरी बांधायची. दोरी दोन मीटर लांब असली तरी पुरे. भावाच्या हातात दोरी असती तर तो दोन मीटर लांब असता.

---

चाकण_रोड · सोमवार, दुपारी १:००

ताई, वाचून सुन्न झालो. हायड्राबद्दल मी घाईने लिहिलं होतं. आमच्या साइटवरही जुन्या हायड्राला आता आत घेत नाहीत. बूम, म्हणजे उचलायचा लांब दांडा, समोर असल्यामुळे ड्रायव्हरला पुढचं नीट दिसत नाही, आणि वजन लटकवून चालताना ते झोके खातं. बारा टन हा आकडा बूम आखडलेली आणि भार अगदी जवळ असतानाचा. बूम लांब केली, गाडी वळवली की तो झपाट्याने उतरतो. तुमच्या एक टनाला तरी ती पुरून उरेल, पण रोज उभी ठेवायला विकत घेऊ नका. महिन्यातले मोठे ओंडके साठवून एका दिवशी तासावर बोलवा.

---

जुना_करवत्या · सोमवार, रात्री ८:२०

मी आता सत्तरीत आहे. वयाची पंचवीस वर्षं वखारीत काढली, तेव्हा यापैकी काहीच नव्हतं. तरी आम्ही टनाचा ओंडका ट्रकवर चढवायचो, आणि उचलून नाही, लोळवून. ती रीत लिहून ठेवतो, कारण तुमच्या ट्रॉलीला तीच उपयोगी पडेल.

दोन जाड वासे उतरते लावायचे. दोन दोर घ्यायचे, त्यांची एकेक टोकं वर पक्की बांधायची. दोर उतारावरून खाली आणून ओंडक्याच्या खालून घ्यायचे, त्याच्या पोटाला वळसा देऊन पुन्हा वर. आता वरून ओढा. ओंडका स्वतःच कप्पी होतो. दोर दोन हात ओढला की ओंडका एक हात वर सरकतो, आणि जोर निम्माच लागतो. तीन फूट लांबीला एक फूट चढ ठेवलात तर टनाच्या ओंडक्याला ओढ लागते साधारण पावणेदोनशे किलोची, घसाऱ्याचं थोडं वेगळं. दोन दोरांत वाटली म्हणजे चार माणसांना जमते, विंचला तर सहज.

दोन्ही दोर सारख्या वेगाने यायला हवेत. आमचा मुकादम वर उभा राहून नुसतं "हं... हं..." म्हणायचा, त्या तालावर ओढायचं. ताल चुकला की ओंडका तिरका. एक जण मागून पाचर सरकवत यायचा, पण बाजूला उभा राहून, ओंडक्याच्या खाली कधीच नाही.

माझं म्हणणं इतकंच की ट्रॉलीशेजारी ओंडके ठेवायला एक उंचवटा तिच्या पातळीला पक्का बांधा. एकदा ओंडका त्यावर गेला की पुढे किंचित उतार द्या, तो स्वतः ट्रॉलीकडे येतो. जे लोळवता येतं ते उचलायचं कशाला?

---

मापात_काम · मंगळवार, सकाळी ९:५०

मी फॅब्रिकेशन करतो, हिंजवडी भागात. आजोबांच्या उंचवट्याला माझी जोड: त्याच्यावर एक आडवी गर्डर, दोन्ही टोकांना खांब, गर्डरवर दोन टनी इलेक्ट्रिक चेन होइस्ट, म्हणजे विजेवरची साखळीची कप्पी. एक टनाच्या ओंडक्याला दोन टनी, कारण झटका बसतो आणि ओंडका कधी ना कधी सव्वा टनाचा येणारच. हाताची चेन कप्पी स्वस्त पडते, पण दिवसाला वीस ओंडके तिच्यावर घेतले तर माणूस संध्याकाळी हात वर करू शकणार नाही.

गर्डरचं माप कुणा इंजिनिअरकडून काढून घ्या, भंगारातली आय-बीम बघून "जाड दिसतेय" म्हणून चढवू नका. पायाचे खड्डे पावसाळ्याआधी ओता. होइस्टला वर लिमिट स्विच (हुक टोकाला गेला की आपोआप थांबवणारा) असल्याची खात्री करा. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम २९ मध्ये उचलयंत्रं आणि साखळ्यांची बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी सांगितली होती. तुमच्याकडे दहाच माणसं असली तरी ती रीत पाळा. हुकाचं तोंड उघडलंय का, चेनची कडी झिजलीय का, हे तो माणूस मापाने बघतो, आपण डोळ्याने बघतो.

---

खोऱ्यातला · मंगळवार, दुपारी ४:१५

थोडं वेगळं, पण याच्याशी जोडलेलं. पौडकर, उतारावरचा माल तुम्ही स्वतः काढता ना? पानशेतच्या बाजूला आम्ही ट्रॅक्टरने ओंडका नुसता फरफटत आणायचो. सालीत खडे रुतायचे आणि बँडसॉचं पातं दिवसातून तीनदा घासायला काढावं लागायचं. आता मागच्या थ्री पॉइंटला आडवी पट्टी लावून ओंडक्याचं पुढचं टोक फूटभर उचलून आणतो. ओढ कमी लागते, वाट उकरली जात नाही, पातं टिकतं. दोर मात्र खालच्या बाजूलाच बांधायचा. वर, सीटच्या पातळीला बांधला आणि ओंडका कुठे अडकला तर ट्रॅक्टर मागे उलटतो.

शहरातली पडलेली झाडं घेत असाल तर बुंध्यात खिळे आणि तारा असतातच, हातातला मेटल डिटेक्टर फिरवून घ्या. आणि वाहतूक परवान्याची प्रत ड्रायव्हरजवळ ठेवा, सागाला तर नक्कीच.

---

पौडकर · पाच आठवड्यांनी, रविवार, सकाळी ८:१०

उशिरा लिहितोय, पण काम पूर्ण करूनच लिहायचं ठरवलं होतं.

फोर्कलिफ्ट नाही, हायड्रा नाही. सगळ्यात आधी पैसे जमिनीत घातले. गेटपासून शेडपर्यंत मुरूम, वर खडी, रोलर फिरवून घेतला आणि बाजूने चर काढली. घरच्यांना हा खर्च पटत नव्हता. परवाच्या वळवाच्या पावसानंतर ट्रक न रुतता आत आला तेव्हा पटला.

मग आजोबांनी सांगितला तसा उंचवटा, ट्रॉलीच्या पातळीला, जुन्या रेल्वे रुळांचे तुकडे वर टाकून. ट्रॉलीच्या तोंडाशी खाली दुमडणारे दोन लोखंडी अडसर, म्हणजे एका वेळी एकच ओंडका पुढे येतो. त्यावर गर्डर आणि दोन टनी होइस्ट. ट्रॅक्टरला लोडर आणि पंजा बसवला, मागे चारशे किलोचा ठोकळा, आणि लोडरवर पांढऱ्या रंगात लिहिलं: "११ घनफुटापर्यंतच". किलो लिहिण्यापेक्षा घनफूट लिहिलेलं बरं, कारण तोच आकडा आमच्या माणसांच्या तोंडात असतो. त्याहून मोठा माल बाजूला काढून ठेवतो, महिन्यातून एकदा क्रेन येते. पाचही माणसं कामावर आहेत. लोडर दोघं शिकले.

ताई, दोन्ही टोकांना दोऱ्या बांधतो. साल काढायचा कोयता होइस्टच्या खांबालाच अडकवलाय.

होइस्टचं बटणांचं पेंडंट तात्यांच्या हातात दिलं. काल तो आंब्याचा बुंधा घेतला. तात्यांनी तो वीतभर उचलला आणि बटण सोडलं. दोन्ही बेल्टकडे वाकून बघितलं, एक फास चार बोटं टोकाकडे सरकवायला सांगितला, बुंधा पुन्हा खाली ठेवून सरकवून घेतला, मग वर नेला. रुळांवर टेकल्यावर त्यांनी अडसर एकदा पायाने ठोकून बघितला आणि मला म्हणाले, "आता ट्रॉली आण."

---

जुना_करवत्या · रविवार, सकाळी ९:०२

रुळांवर आंब्याचा चीक बसेल, राळेसारखा चिकट होतो आणि ओंडका मध्येच अडतो. आठवड्यातून एकदा रॉकेल नाहीतर डिझेलच्या फडक्याने पुसून घ्या.